ऑब्जेक्ट एक की दोन? पायथन शिकणाऱ्यांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांत पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या ऑब्जेक्टविषयीचे (माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र धरणाऱ्या वस्तूविषयीचे) प्रश्न इतके आहेत, की बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवते. एक सूचना आधीच करते. क्लास, सेल्फ, अपेंड असे पायथनचे शब्द आणि कोडमधले अंक इथे देवनागरीत छापले आहेत. संगणकावर टाइप करताना ते रोमन आणि इंग्रजीच हवेत.

ताई, मी खानापूर तालुक्यातली, बीसीएला आहे. आमच्या घरी दूध संकलन केंद्र चालतं. हिशेबासाठी मी ‘सभासद’ नावाचा क्लास (ऑब्जेक्टचा साचा) केला. त्यात सुरुवातीलाच ‘नोंदी = []’ आणि ‘एकूण = ०’ लिहिलं. माप घातलं की नोंदीत अपेंड होतं (यादीच्या शेवटी जोडलं जातं) आणि एकूणमध्ये लिटर मिळवले जातात. बेरीज प्रत्येकाची बरोबर येते, पण नोंदी छापल्या की ज्याच्या-त्याच्या नावावर अख्ख्या गावाचं दूध! दोन्ही ओळी एकाच जागी लिहिल्यात, मग एक चालते आणि दुसरी नाही, असं कसं?

बेरीज बरोबर आली म्हणून तू थांबली नाहीस, नोंदी छापून पाहिल्यास, याचं मला फार बरं वाटलं. दहा दिवसांचं बिल वाटून झाल्यावर हे उघडकीला आलं असतं तर केंद्रावर भांडणं झाली असती.

क्लासच्या अंगात थेट लिहिलेल्या ओळी पायथन एकदाच चालवतो, क्लास तयार होताना. म्हणजे ‘[]’ ही रिकामी यादी एकदाच जन्माला आली आणि ती क्लासकडे राहिली. पुढे तू चाळीस सभासद केलेस तरी यादी एकच. ‘सेल्फ.नोंदी’ (सेल्फ म्हणजे ज्याचं काम चाललंय तो सभासद) म्हटलं की पायथन आधी त्या सभासदाकडे बघतो. तिथे नाही मिळालं की क्लासकडे जातो, तिथे ती सामाईक यादी सापडते, आणि अपेंड त्याच यादीत भर घालतं. संकलन केंद्रावर एकच वही आणि सगळ्यांची मापं तिच्यात.

आता ‘एकूण’. ‘सेल्फ.एकूण += ६.५’ या ओळीत तीन कामं होतात. आधी वाचणं: सभासदाकडे नाही, म्हणून क्लासकडचं शून्य मिळतं. मग बेरीज: पायथनमधली संख्या जागच्या जागी बदलत नाही, त्यामुळे ६.५ ही नवी संख्या तयार होते. आणि मग ठेवणं, जे नेहमी सेल्फवर होतं, म्हणजे त्या सभासदावर. पहिल्या मापानंतर त्याला स्वतःचा ‘एकूण’ मिळाला, क्लासचं शून्य तसंच राहिलं. तुझी बेरीज बरोबर आली ती या आडवाटेने.

आता एक करून बघ. अपेंडच्या जागी ‘सेल्फ.नोंदी += [माप]’ असं लिही. वाटतं की आता तरी यादी वेगळी होईल, कारण ओळ अगदी ‘एकूण’सारखी दिसते. होत नाही. यादीवर += चालवलं की आहे तीच यादी वाढते, आणि वाढलेली तीच यादी सभासदाच्या नावेही लागते. चिन्ह एकच, पण बदलता येणाऱ्या ऑब्जेक्टवर त्याचं काम वेगळं आणि न बदलणाऱ्यावर वेगळं. माझ्या मते पायथन शिकताना सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा. टिळकवाडीत माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी यासाठी कागद घ्यायला लावते: ऑब्जेक्टसाठी गोल काढायचा आणि नावापासून त्या गोलाकडे बाण. तुझ्या प्रोग्रामचं चित्र काढलंस तर चाळीस बाण एकाच गोलावर येऊन टेकतील.

उपाय सोपा आहे. दोन्ही ओळी इनिटमध्ये ने (ज्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोअर असतात ते) आणि ‘सेल्फ.नोंदी = []’, ‘सेल्फ.एकूण = ०’ असं लिही. नवा ऑब्जेक्ट होताना इनिट आपोआप चालतं, म्हणजे दर सभासदामागे, त्यामुळे यादीही दर वेळी नवी. खात्री करायची तर दोन सभासद कर आणि ‘अ.नोंदी इज ब.नोंदी’ विचार, म्हणजे दोन्ही एकच ऑब्जेक्ट आहेत का. ट्रू आलं तर यादी अजून एकच आहे.

इनिटच्या कंसात ‘नोंदी=[]’ असं मात्र देऊ नकोस. तिथली यादीसुद्धा एकदाच तयार होते, डेफची ओळ चालते तेव्हा, आणि दुखणं पुन्हा तेच. कंसात नन (‘काहीच नाही’ सांगणारा पायथनचा शब्द) दे आणि आत ‘नन असेल तर नवी यादी’ असं लिही. २०१८ साली आलेल्या ३.७ आवृत्तीपासून डेटाक्लास मिळतो, ज्यात इनिटसारख्या मेथड आपोआप लिहून मिळतात. त्यात अशी उघडी यादी दिलीस तर तो क्लास तयारच होऊ देत नाही, व्हॅल्यूएरर देतो आणि डिफॉल्ट फॅक्टरी (दर ऑब्जेक्टमागे नवी यादी करून देणारी सोय) वापरायला सांगतो.

क्लासवर काय ठेवावं? जे खरंच सगळ्यांचं आहे ते, जसं केंद्राचं नाव. तेही बदलायचं झालं तर ‘सभासद.केंद्र’ असं क्लासच्या नावाने बदल. एका सभासदावरून बदललंस तर फक्त त्याच्यापुरतं बदलेल. जाता जाता आणखी एक: फॅट-एसएनएफप्रमाणे (दुधातली स्निग्धता आणि बाकीचे घन घटक) पैसे काढताना डेसिमल हा पायथनमधला नेमक्या दशांशाचा प्रकार वापर. साध्या दशांशात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही.

मॅडम, वडगावात आमचे यंत्रमाग आहेत. साडीच्या काठाची नक्षी ग्राफपेपरवर काढतात तशी संगणकावर काढायचा प्रयत्न करतोय. ‘नक्षी = [[०] * १२] * ८’ असं लिहून आठ आडव्या ओळी, बारा घरं केली. पण ‘नक्षी[२][५] = १’ म्हटलं की एक घर भरायच्या ऐवजी वरून खालपर्यंत उभा पट्टाच भरतो. काय चुकतंय ते कळेना झालंय.

तुम्हाला आठ ओळी दिसताहेत, पण ओळ आहे एकच. आतल्या ‘[०] * १२’ने बारा घरांची एक ओळ झाली. बाहेरच्या ‘* ८’ने तिच्या आठ प्रती निघाल्या नाहीत, तीच ओळ आठ ठिकाणी दाखवली गेली. घरात ज्यांना अण्णा म्हणतात त्यांनाच मागावरचे कामगार मालक म्हणतात. नावं कितीही असली तरी माणूस एक. म्हणून तिसऱ्या ओळीतलं सहावं घर (पायथन शून्यापासून मोजतो, म्हणून [२][५]) भरलं की आठही जागी तेच भरलेलं दिसतं, आणि उभा पट्टा उमटतो.

मग आतल्या बारा शून्यांचं असं का होत नाही? तिथेही शून्य एकच आहे आणि बारा घरं त्याच्याकडेच बोट दाखवतात. पण तुम्ही शून्याला बदलत नाही, एका घराचं बोट शून्यावरून काढून एकावर ठेवता. बाकीची अकरा घरं जागची हलत नाहीत. संख्येला आतून बदलता येत नाही, म्हणून ती सामाईक असली तरी धोका नाही. यादीला बदलता येतं, म्हणून सामाईक यादी जपून वापरायची.

असं लिहा: ‘नक्षी = [[०] * १२ फॉर ओळ इन रेंज(८)]’. आता चौकोनी कंसाच्या आतलं काम आठ वेळा होतं, आणि दर वेळी ओळ नवी.

याच्या पुढची अडचण तुम्हाला येणारच, म्हणून आत्ताच सांगते. एक नक्षी जमली की ती राखून तिच्यात थोडा बदल करून दुसरी करावीशी वाटते. ‘नवी = नक्षी’ म्हटल्याने नक्षी दोन होत नाहीत. ‘नक्षी.कॉपी()’ने बाहेरची यादी नवी होते, पण आतल्या आठ ओळी जुन्याच राहतात. नव्या नक्षीत घर भरलं की जुनीही बिघडते. कॉपी मॉड्यूलमधलं डीपकॉपी आतपर्यंत सगळं नवं करतं. तुमच्या कामाला तेच हवं. आठ बाय बारा काय, चारशे बाय चारशेची नक्षी असली तरी त्याला वेळ लागत नाही.

उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत मी स्टोअर सांभाळतो. ‘कास्टिंग’ क्लासचे दोन ऑब्जेक्ट केले, पार्ट नंबर आणि हीट नंबर (धातूच्या एका वितळणीचा क्रमांक) दोन्ही सारखे. तरी == लावलं की फॉल्स येतं. दुबार नोंदी शोधायच्या कशा?

तुम्ही काही सांगितलं नसेल तर आपल्या क्लासच्या बाबतीत == फक्त एवढंच बघतं, की दोन्ही नावं एकाच ऑब्जेक्टची आहेत का. सारखेपणा कशात मानायचा हे पायथनला कळणार कसं? ते तुम्हीच सांगायचं, ईक्यू ही मेथड लिहून (हिलाही दोन्हीकडे दोन अंडरस्कोअर): पार्ट नंबर आणि हीट नंबर जुळले तर ट्रू.

ईक्यू लिहिलं की क्लासचं आपोआप मिळालेलं हॅश (ऑब्जेक्ट चटकन शोधायला लागणारा आकडा) जातं, आणि ऑब्जेक्ट सेटमध्ये (एक गोष्ट एकदाच ठेवणाऱ्या संचात) टाकताच ‘अनहॅशेबल’ अशी चूक दिसते. दुबार नोंदी काढायला तर तुम्हाला सेटच लागणार. त्यामुळे डेटाक्लास करून फ्रोझन = ट्रू द्या; ईक्यू आणि हॅश दोन्ही तयार मिळतात. फ्रोझन म्हणजे ऑब्जेक्ट झाल्यावर त्याचा हीट नंबर बदलता येणार नाही. ओतलेल्या कास्टिंगचा हीट नंबर तसाही बदलत नाही, म्हणून हे बंधन इथे चपखल बसतं.

दोन मूल्यं सारखी आहेत का हे ताडायला इज मात्र वापरू नका. सीपायथन, म्हणजे आपण नेहमी वापरतो तो पायथन, उणे ५ ते २५६ या पूर्णांकांचे ऑब्जेक्ट आधीच करून ठेवतो, म्हणून छोट्या आकड्यांवर इज बरोबर चालल्यासारखं वाटतं आणि हीट नंबर मोठे झाले की दगा देतं. ननची तपासणी तेवढी इजने करा.

निपाणीला शाळेत शिकवतो. मुलांना प्रत्येक प्रोग्राममध्ये क्लास लिहायला लावावं का?

नको, सर. पायथनमध्ये संख्या, यादी, फंक्शन, खुद्द क्लास, सगळे ऑब्जेक्टच आहेत. क्लास लिहिला नाही तरी मुलं ऑब्जेक्टच हाताळत असतात. तंबाखूच्या प्रतीप्रमाणे दर ठेवायचे असतील तर एक डिक्शनरी (नाव आणि त्याचं मूल्य यांच्या जोड्या) पुरते. माहिती आणि तिच्यावरची कामं सतत एकत्र फिरायला लागली, की मग क्लास. त्याआधी मुलांकडून याद्या आणि डिक्शनऱ्यांची गोल-बाणांची चित्रं भरपूर काढून घ्या.

चिक्कोडीहून लिहिते आहे. मी मराठी माध्यमातली, माझी मैत्रीण कन्नड माध्यमातली. आम्ही दोघी मिळून प्रोजेक्ट करतोय. ऑब्जेक्टची नावं आपापल्या लिपीत दिली तर चालतील का?

चालतील. २००८ साली आलेल्या पायथन ३ पासून नावं देवनागरीत आणि कन्नडमध्येही देता येतात, एकाच फाइलमध्येसुद्धा. दोन लिप्यांतलं ‘दर’ ही मात्र दोन वेगळी नावं; एकीने एकात ठेवलेलं दुसरीला दुसऱ्यात सापडणार नाही. म्हणून कुठली नावं कुठल्या लिपीत हे आधी ठरवून घ्या. कोडमध्ये १२ असा देवनागरी आकडा थेट लिहिता येत नाही, पण वापरणाऱ्याने तो मजकूर म्हणून भरला तर इंट() त्याचा बिनचूक बारा करतं.

एक जागा जपा. ‘शेतकऱ्याचे’मधला ऱ्य काही कळफलक साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांनी बनवतात. ते जोडचिन्ह पायथन नावात चालवून घेत नाही, आणि डोळ्यांना ओळीत चूक कुठेच दिसत नाही. टिंबाचा ऱ वापरून टाइप केलंत की तेच नाव चालतं.