प्रवासाआधी विचारा : बाजार बंद असतानाचं अंफावा

प्रश्न : आम्ही दोघं, वय 64 आणि 60. नोव्हेंबरात लेकीकडे बँकॉकला जातोय. ती म्हणते, मधल्या वारी दोन रात्री अंफावाला कालव्याकाठी राहून या, अगदी शांत असतं. ह्यांचं म्हणणं, तिथला तरंगता बाजार शुक्रवार ते रविवारच भरतो, मग बंद दुकानं बघायला एवढ्या लांब कशाला जायचं? कोणाचं ऐकू?
– सौ. व. कु., शाहूपुरी, सातारा

उत्तर : ताई, लेकीचं ऐका. यजमानांना होड्यांतला बाजार बघायचाच असेल, तर जवळच दाम्नन सादुआकचा बाजार रोज सकाळी भरतो. तो ज्या कालव्यात भरतो, तो थायलंडचा राजा चौथा राम याच्या काळात, 1866 ते 1868 मध्ये खोदला. मे क्लोंग आणि था चिन या दोन नद्या त्याने जोडल्या. सकाळी लवकर पोचा, पर्यटकांच्या बसगाड्या आल्या की होड्यांना होड्या घासतात. तासाभरात हौस फिटते. मग अंफावाला जा आणि दार लोटून घ्या.

मी धाकट्या बहिणीबरोबर गेले होते तो मंगळवार होता. कालव्यावरच्या लाकडी घरांच्या घडीच्या फळ्या बंद, एखाददुसरंच दुकान उघडं. समुद्र जवळ असल्याने कालव्याला भरती-ओहोटी असते. सकाळी पाण्याखाली असलेल्या पायऱ्या दुपारी शेवाळासकट वर येतात. आम्ही ओट्यावर बसून तेवढंच बघत होतो. पाण्यात काहीतरी लांबडं वळवळलं आणि बहिणीने दोन्ही पाय वर घेतले. कृष्णाकाठच्या माणसाला आधी मगरच आठवणार! ती पाणघोरपड होती. घरमालकीणबाईंनी मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही.

पहाटे मात्र उठा. काही भिक्खू अजूनही होडी वल्हवत भिक्षेला येतात. आदल्या रात्री सांगून ठेवलंत तर घरमालक भात आणि फळं तयार ठेवतात. चपला काढायच्या, खाली बसायचं. बाईने भिक्खूला स्पर्श करायचा नाही, पदार्थ थेट पात्रात ठेवायचा. होडी थांबते, दोन ओळींचा आशीर्वाद म्हणतात आणि पुढच्या घराकडे जातात. तेवढ्या वेळात फोटो काढत बसू नका, हे माझं मत.

दिवसा दोनच गोष्टी करा. एक, दुसऱ्या रामाचं स्मृती-उद्यान. हा राजा 1767 मध्ये इथेच अंफावात जन्मला, त्याच वर्षी ब्रह्मी सैन्याने अयुथ्था ही तेव्हाची राजधानी पाडली. आत जुन्या थाई पद्धतीची लाकडी घरं आणि मोठी बाग आहे. दुसरं, वाट बांग कुंग हे देऊळ. त्याला झाडांच्या मुळ्यांनी चहूबाजूंनी असं कवटाळलंय की भिंत कुठली आणि मूळ कुठलं, कळत नाही.

वाटेत नारळाचा गूळ करणारं घर दिसलं तर मात्र थांबाच. सकाळ-संध्याकाळ नारळाच्या फुलोऱ्याचा रस उतरवतात आणि काहिलीत आटवतात. वास आला आणि मी थेट आमच्याकडच्या गुऱ्हाळात पोचले, फक्त चुलवाणात चिपाडं नव्हती. घेताना टणक ढेप बघून भुलू नका. साखर मिसळलेला गूळ कडक राहतो, निव्वळ नारळाचा लवकर मऊ पडतो.

काजव्यांचं विचारलं नाहीत, पण सांगते. तिथले काजवे नदीकाठच्या लाम्फूवर बसतात. हे आपल्या चिप्पीच्या कुळातलं झाड. एका झाडावरचे सगळे एकाच तालात पेटतात आणि विझतात. सुट्टीच्या रात्री मोटरबोटींची इतकी वर्दळ असते की काठावरच्या काहींनी वैतागून झाडंच तोडल्याच्या बातम्या आल्या होत्या. म्हणूनही मधला वार बरा. होडीवाल्याला लांबूनच इंजिन बंद करायला सांगा. पौर्णिमा टाळा. चांदण्यात काजवे फिके पडतात, आणि नोव्हेंबरची पौर्णिमा, सहसा आपली त्रिपुरी, म्हणजे लोय क्राथोंग. तेव्हा पाण्यात दिवे सोडायला सगळा जिल्हा काठावर येतो.

आता अडचणी. आठवड्यात खानावळी कमी उघड्या असतात आणि अंधार पडला की त्याही मिटतात. रात्रीचं जेवण घरमालकांशी आधीच ठरवा. ओडोमॉस न्या. खोली तळमजल्याची मागा, वरच्या मजल्याचे लाकडी जिने आपल्या गुडघ्यांसाठी नाहीत.

प्रश्न : आम्ही जैन आहोत, कांदा-लसूणही चालत नाही. अशा गावात उपाशीच राहावं लागेल का?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : नुसतं ‘व्हेज’ म्हणालात तर फसाल. भाजीतसुद्धा माशाचा सॉस घालणं त्यांना वावगं वाटत नाही. ‘जे’ म्हणा. पिवळ्यावर लाल अक्षरांची पाटी असते, ते जेवण म्हणजे मांस, मासे, अंडी, दूध नाही, आणि कांदा-लसूणही नाही. कंदमुळं मात्र चालतात, तेव्हा बटाटा आणि गाजर तुम्हालाच बाजूला काढावं लागेल. पण अंफावासारख्या मासळीच्या मुलखात ‘जे’ची पाटी मधल्या वारी दिसेलच, यावर विसंबू नका. बँकॉकहून निघतानाच दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात घाला. पोमेलो, म्हणजे आपलं पपनसच, आणि शहाळी भरपूर मिळतात.

प्रश्न : रुळांवर भरणारा बाजार तिथेच आहे ना? रेल्वेनेच जाता येईल का?
– अ. पा., मिरज

उत्तर : तो मे क्लोंग गावात, अंफावापासून थोडक्या अंतरावर. मधल्या वारीही भरतो. गाडी आली की छत्र्या मिटतात, टोपल्या मागे सरकतात, गाडी गेली की पुन्हा जैसे थे. मिरजकरांना रेल्वेचं प्रेम असणारच, म्हणून सांगते : बँकॉकच्या वोंगवियान याय स्थानकातून महाचायपर्यंत गाडी, तिथे उतरून होडीने था चिन नदी ओलांडायची, पलीकडे बान लेमहून दुसरी गाडी. रूळ मधे जोडलेलेच नाहीत. गाड्या मोजक्याच, त्यामुळे दुसरीची वेळ आधी बघून मगच पहिलीत बसा. मे क्लोंगहून अंफावाला वडाप मिळतं, तिथे त्याला साँगथाओ म्हणतात. घाई असेल तर बँकॉकच्या दक्षिण बसस्थानकावरून मिनीव्हॅन आहे.