खानदेशात राहून १९व्या शतकातल्या पदकधारी सैनिकांचे जुने फोटो जमवायचे असतील तर सुरुवात कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की अमळनेरला एका जुनं सामान विकणाऱ्याकडे छातीवर दोन पदकं लावलेल्या शिपायाचा फोटो आहे, तो त्याला ‘सत्तावनचा’ म्हणतोय आणि तोंडाला येईल तो भाव सांगतोय. घ्यावा का, आणि असे आणखी कुठे मिळतील, हा तुमचा प्रश्न.

आधी चेहरा बघू नका. मिशा, फेटा आणि करारी डोळे यांवर सगळेच भाळतात आणि विकणारा पैसे त्याचेच घेतो. फोटोची छाती बघा, मग पाठ बघा. बाकी सगळं नंतर.

छातीसाठी सोनाराकडे असतं तसलं दहापट भिंग घ्या. तेव्हा फोटो काचेवर घेत आणि त्या काचांना तांबडा रंग जवळपास दिसतच नसे, तो काळा उमटायचा. निळा मात्र पांढरट यायचा. हे डोक्यात पक्कं नसेल तर पदक ज्यावर लटकतं त्या कापडी फिती चुकीच्या वाचल्या जातात. १८५७-५८ च्या पदकाची फीत पांढरी, तिच्यावर दोन तांबडे पट्टे. फोटोत ते काळे ठसठशीत दिसतात. १८८२ च्या इजिप्तच्या पदकाची फीत निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, ती फोटोत बहुधा सरसकट पांढरी भासते. विकणाऱ्याचा ‘सत्तावन’ तिथेच तपासून होतो. ‘इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट’ हे शौर्यपदक कंपनी सरकारने १८३७ मध्ये हिंदी शिपायांसाठी काढलं. आकार ताऱ्याचा, फीत गडद निळी आणि कडा तांबड्या. फोटोत मधला भाग उजळ आणि कडा काळ्या दिसल्या तर श्वास रोखून बघा, कारण असा फोटो क्वचित हाती लागतो. आणि कुणी १९व्या शतकातल्या हिंदी शिपायाच्या छातीवर ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ दाखवायला लागला तर चहा पिऊन उठा. हिंदी सैनिकांना तो मिळायला लागला १९११ नंतर.

दुसऱ्या अफगाण युद्धाच्या (१८७८-८०) पदकाबद्दल जरा जास्त सांगतो, कारण मुंबई फौजेचे फोटो बघताना त्याच्याशी हटकून गाठ पडते. त्याच्या फितीवर ‘काबूल’, ‘कंदाहार’ अशा नावांच्या धातूच्या आडव्या पट्ट्या लागत आणि जितक्या पट्ट्या तितका फोटोचा भाव चढतो. पण २७ जुलै १८८० ला अफगाणिस्तानात मैवंदला ज्या पलटणी अक्षरशः कापल्या गेल्या, त्यांत आपल्या मुंबई फौजेची पहिली ग्रेनेडियर्स आणि ३०वी जेकब्ज रायफल्स होती. त्या लढाईची पट्टी निघालीच नाही. हरलेल्या लढाईची पट्टी कोण काढतो! म्हणून ग्रेनेडियरच्या छातीवर बिनपट्टीचं अफगाण पदक दिसलं तर ‘साधं पदक आहे’ म्हणून बाजूला सारू नका. तो माणूस मैवंदहून जिवंत परतलेला असू शकतो. शेजारी पितळी रंगाचा तारा असेल तर तो काबूल ते कंदाहार कूच केलेल्यांना दिलेला, म्हणजे फोटो १८८० नंतरचाच.

आता पाठ. १८६०च्या दशकातले छोटे फोटो साधारण अडीच बाय चार इंचांच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेले असतात. पुढे मोठे, सव्वाचार बाय साडेसहा इंचांचे ‘कॅबिनेट’ आले. अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेला तो कागद इतका पातळ की पुठ्ठ्याशिवाय तो गुंडाळून जातो. भिंगाखाली कागदाचे धागे दिसले तर चांगलं लक्षण. रंगीत ठिपके दिसले तर तो कालपरवाच्या प्रिंटरमधून निघालेला. आणि पाठीवर पत्त्यासाठी उजवीकडे रेघ मारून जागा सोडलेली, म्हणजे पोस्टकार्ड असेल, तर तो २०व्या शतकातला. आपल्याकडच्या घरांतून निघणारे ‘सत्तावनचे’ फोटो बहुतेक असेच पहिल्या महायुद्धातले असतात. ते टाकाऊ नाहीत, फक्त भाव त्या काळाचा द्या. खांद्यावर किंवा पट्ट्याच्या बिल्ल्यावर १०३, १०५, ११० असा आकडा दिसला तरी तेच: १९०३ मध्ये मुंबईच्या जुन्या पलटणींच्या आकड्यात शंभर मिळवले गेले, तिसरीची एकशे तिसरी झाली, पाचवीची एकशे पाचवी.

खानदेशातली खास फसवणूक म्हणजे ‘भिल्ल पलटणीचा जवान’. “हाऊ फोटू भिल्ल पलटणना शे, भाऊ,” म्हणत तिरकमठा घेतलेल्या कुठल्याही माणसाचा फोटो पुढे करतात. ही पलटण, म्हणजे खानदेश भिल्ल कोअर, इंग्रज अधिकारी जेम्स औट्रमने १८२५ मध्ये उभी केली, ठाणं धरणगावला. ती बंदूक आणि कवायत शिकवलेली पलटण होती; १८९१ मध्ये तिचं पोलिसांत रूपांतर झालं. म्हणजे गणवेश हवा, बंदूक हवी आणि साल १८९१ च्या आत हवं. तिन्ही जुळल्याशिवाय त्या नावाने एक रुपयाही जास्त देऊ नका.

मिळतात कुठे? साध्या शिपायाला तेव्हा स्टुडिओ परवडत नसे, त्यामुळे एकट्याचे फोटो बहुधा सुभेदार-जमादारांचे, म्हणजे पलटणीतल्या हिंदी अधिकाऱ्यांचे, आणि पलटणीचे गटफोटो गोऱ्या अधिकाऱ्यांच्या अल्बममधून फुटलेले. विकत घ्यायला मुंबईचा चोरबाजार. इथे मालेगाव कॅम्प आणि भुसावळच्या जुन्या रेल्वे घरांची आवराआवर यांवर लक्ष ठेवा. पदकं मात्र फारशी मिळणार नाहीत. चांदीची असल्याने दुष्काळात, लग्नात ती कधीच आटली आहेत, आणि सराफ तर आपल्याकडे गल्लोगल्ली. एखादं उरलंच असेल तर त्याची कड वाचा, तिथे बहुधा नाव, हुद्दा आणि पलटण कोरलेली असते. तेवढ्यावरून फोटोतला माणूस सापडू शकतो. गावकी-घराण्याचे कागद जुळवायला धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ आहे.

शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू कायद्यात येऊ शकते, म्हणून परदेशातला गिऱ्हाईक फोटो पाठवा म्हणाला तर त्या भानगडीत पडू नका. घरी आणल्यावर लॅमिनेशन अजिबात नको, फेविकॉल नको, मेच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत ठेवणं नको.

तुमच्या त्या फोटोचं म्हणाल, तर भिंग घेऊन पुन्हा जा आणि विकणाऱ्याला भावाच्या आधी विचारा की तो कोणत्या घरातून आला. घराचं नाव सांगितलं तर आधी त्या घरी जाऊन या. वंशज असतील तर त्यांना फोटो दाखवा, नाव विचारून घ्या आणि त्यांना हवा असेल तर मूळ फोटो त्यांना घेऊ द्या, तुम्ही स्कॅन घ्या. घर सांगायलाच तयार नसेल आणि फीतही जुळत नसेल, तर पाचशेचा फोटो पन्नासलाही घेऊ नका.