लेसरने केंद्रकाचं आकारमान मोजलं, म्हणजे नेमकं काय मोजलं?

शिवाजी विद्यापीठात एमएस्सीच्या सेमिनारसाठी तुम्ही नोबेलियम या 102 प्रोटॉनच्या कृत्रिम मूलद्रव्याच्या केंद्रकाचं लेसरने केलेलं मोजमाप हा विषय घेतलाय. तुमचा प्रश्न असा: लेसरची तरंगलांबी शेकडो नॅनोमीटर आणि केंद्रक जेमतेम काही फेम्टोमीटरचं (फेम्टोमीटर म्हणजे नॅनोमीटरचा दहा लाखावा भाग), मग प्रकाशाला ते दिसतं तरी कसं? प्रश्न अगदी रास्त आहे. प्रकाशाला केंद्रक दिसतच नाही. लेसर मोजतो ते इलेक्ट्रॉनच्या ऊर्जापातळ्यांमधलं अंतर. केंद्रकाबद्दलचं बाकी सगळं त्यावरून काढावं लागतं. सेमिनारमध्ये हे सुरुवातीलाच सांगा, नाहीतर पुढचं सगळं जादू वाटतं.

जड अणू रंकाळ्याएवढा, म्हणजे साधारण किलोमीटरभर रुंद धरला, तर केंद्रक लिंबाएवढं होईल. तरीही इलेक्ट्रॉनला त्याचा पत्ता लागतो, कारण s कक्षेतला, म्हणजे केंद्रकाभोवती गोलाकार पसरलेला, इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या आत सापडण्याची शक्यता शून्य नसते. सगळा विद्युतभार एका बिंदूत असता तर आत ओढ वाढतच गेली असती. प्रत्यक्षात तो पसरलेला असतो, त्यामुळे आतली ओढ कमी भरते आणि इलेक्ट्रॉन किंचित सैल बांधला जातो. केंद्रक जेवढं मोठं, तेवढा हा सैलपणा जास्त. म्हणून एकाच मूलद्रव्याच्या दोन समस्थानिकांची (प्रोटॉन तेवढेच, न्यूट्रॉन कमीजास्त) वर्णरेषा, म्हणजे अणू शोषतो किंवा सोडतो तो ठरावीक प्रकाश, थोडी वेगवेगळ्या वारंवारतेला येते. हायड्रोजन आणि ड्युटेरियममध्ये हा फरक जवळजवळ सगळा वस्तुमानामुळे असतो. नोबेलियमसारख्या अणूत दोन न्यूट्रॉन वाढल्याने वस्तुमानात फारसं काही बदलत नाही. तिथे आकारमानाचाच परिणाम वरचढ ठरतो. शिवाय जड अणूत सापेक्षतेच्या परिणामामुळे इलेक्ट्रॉनची केंद्रकाजवळची घनता खूप वाढते, तेही आपल्या पथ्यावर पडतं.

आता आकार, म्हणजे गोल, लांबट की चपटा. केंद्रकाला स्पिन, म्हणजे स्वतःचा कोनीय संवेग, असेल तर रेषा फुटते, म्हणजे जवळजवळच्या अनेक रेषांत विभागते. त्या फुटण्यातून चुंबकी आघूर्ण (केंद्रकाच्या चुंबकत्वाचं माप) मिळतं, आणि स्पिन किमान 1 असेल तर विद्युत चतुर्ध्रुव आघूर्णही, म्हणजे विद्युतभार गोलापासून किती ढळलाय त्याचं माप. त्याच्या चिन्हावरून लांबट की चपटं ते कळतं. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दोन्ही सम असलेल्या केंद्रकाचा स्पिन शून्य, तिथे रेषा फुटत नाही. मग फक्त त्रिज्येच्या वर्गाच्या सरासरीवर भागवावं लागतं. घनफळ तेवढंच ठेवून केंद्रक लांबट किंवा चपटं झालं तरी ही सरासरी वाढते, पण दोन्हींपैकी काय झालं ते ती सांगत नाही.

हे सगळं पाऱ्यात फार सुंदर दिसतं. झीमन परिणामाच्या (चुंबकी क्षेत्रात वर्णरेषा फुटण्याच्या) प्रयोगासाठी फॅब्री-पेरो एटॅलॉन, म्हणजे अगदी जवळच्या रेषा वेगळ्या कड्यांत दाखवणारं उपकरण, मिळाला, तर चुंबक बंद ठेवून कमी दाबाच्या पाऱ्याच्या दिव्याची 546.1 नॅनोमीटरची हिरवी रेषा बघा. मुख्य कड्याच्या आजूबाजूला फिकट उपरेषा दिसतील. त्या पारा-199 आणि पारा-201 या विषम वस्तुमानांकाच्या समस्थानिकांच्या. त्यातल्या 199 चा स्पिन 1/2, म्हणून तो आकाराबद्दल गप्प. 201 चा 3/2, म्हणून तो बोलतो. हे स्वतःच्या डोळ्यांनी बघून मग बोलायला उभे राहा, आत्मविश्वास वेगळाच येतो. याच पाऱ्याच्या हलक्या समस्थानिकांनी 1972 मध्ये सर्न या युरोपीय प्रयोगशाळेच्या आयसोल्डे केंद्रात सगळ्यांना चकित केलं होतं: 185 आणि 183 यांची त्रिज्या शेजारच्या सम समस्थानिकांच्या मानाने एकदम मोठी निघाली. पुढे 181 मध्येही तेच दिसलं. एक न्यूट्रॉन इकडेतिकडे झाला की केंद्रकाचा आकारच बदलतो! इतकी वर्षं झाली, तरी मला या विषयातलं हेच सगळ्यात विलक्षण वाटतं.

नोबेलियमची अडचण वेगळी. ते निसर्गात नाही. जर्मनीत डार्मश्टाटच्या जीएसआय या जड आयनांच्या संशोधन केंद्रात कॅल्शियम-48 चा झोत शिशाच्या लक्ष्यावर आपटून सेकंदाला मोजकेच अणू मिळतात, आणि नोबेलियम-254 चं अर्धायुष्य 51 सेकंद. ते आयन रूपात, म्हणजे काही इलेक्ट्रॉन गमावलेले, आर्गॉन वायूत मंदावतात आणि टँटलमच्या तारेवर जमा होतात. मग तार तापवून त्यांना उदासीन अणू म्हणून सोडायचं. पहिला लेसर नेमक्या वारंवारतेला आला तरच इलेक्ट्रॉन वर जातो, दुसरा लेसर त्याला बाहेर काढतो, आणि तयार झालेला आयन शोधकावर जाऊन अल्फा कण सोडतो. म्हणजे रेषा प्रकाशात शोधायची नाही, अल्फा मोजून शोधायची. 2016 मध्ये ही रेषा पहिल्यांदा मिळाली, 2018 मध्ये 252, 253, 254 या तिघांची तुलना झाली. 253 ची रेषा फुटलेली दिसली आणि केंद्रक लांबट असल्याचं त्यातून निघालं.

आता तुमच्या मसुद्यातलं ‘नोबेलियमच्या केंद्रकाचा व्यास लेसरने मोजला’ हे वाक्य कृपया काढा. मिळतो तो दोन समस्थानिकांच्या त्रिज्या-वर्गांमधला फरक, आणि तोही वारंवारतेतला फरक त्रिज्येत बदलणारा गुणक हाती असेल तरच. शिशाच्या बाबतीत म्युऑनिक अणू (इलेक्ट्रॉनच्या जागी जड म्युऑन असलेले) आणि इलेक्ट्रॉन विकिरण (केंद्रकावर आपटून इलेक्ट्रॉन कसे विखुरतात ते) यांवरून स्वतंत्र ताळा घेता येतो; शिसं-208 ची विद्युतभार त्रिज्या 5.50 फेम्टोमीटर आहे हे तिथूनच पक्कं कळलंय. नोबेलियमचं असं लक्ष्यच बनवता येत नाही. त्यामुळे तो गुणक शंभरावर इलेक्ट्रॉनांच्या गणितातूनच येतो. नोबेलियमच्या मध्यभागी प्रोटॉनची घनता थोडी कमी असावी हा निष्कर्षसुद्धा केंद्रकाच्या प्रतिमानांशी ताडून काढलेला आहे, थेट पाहिलेला नाही. यात मोजमापाचा काही कमीपणा नाही. ते कुठे संपतं आणि गणित कुठे सुरू होतं, ते मात्र स्पष्ट दाखवा.

शेवटच्या आलेखासाठी 2024 मध्ये प्रसिद्ध झालेलं फर्मियम या 100 प्रोटॉनच्या मूलद्रव्याचं काम घ्या, 245 पासून 257 पर्यंतच्या समस्थानिकांचं. शिशाच्या त्रिज्येच्या आलेखात न्यूट्रॉन संख्या 126 ला, म्हणजे न्यूट्रॉनचं एक कवच पूर्ण भरतं तिथे, स्पष्ट कोपरा दिसतो. फर्मियममध्ये 152 ला बंधनऊर्जेत कवचाची खूण आहे, पण त्रिज्येची रेघ तिथून सरळ पुढे जाते. दोन्ही आलेख शेजारी ठेवा. फर्मियमच्या बिंदूंवर प्रयोगाची अनिश्चितता एका रंगात आणि गुणकाच्या गणितातून येणारी दुसऱ्या रंगात काढा. परीक्षक तिथेच बोट ठेवतील.