सील नवं, तरी तेल का गळतंय?

प्रश्न : दादा, माझी गाडी १९९६ ची सहाचाकी, सीझनला ऊस आणि बाकी वर्षभर खडी-सिमेंट. प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्समधनं मागं येणारा लांब दांडा) जिथं डिफरन्शियलला (मागच्या ॲक्सलमधल्या गिअरच्या गोळ्याला) जोडलाय तिथनं तेल गळतंय. चार महिन्यात दोनदा सील (तेल अडवणारी रबरी कडी) बदललं, एका गॅरेजवाल्यानं तर अर्ध्या तासात काम करून दिलं, आठ दिवसात परत थेंब चालू. आता तो म्हणतोय सगळं डिफरन्शियलच उतरवूया. कारखाना सुरू व्हायला महिना राहिलाय, काय करू?
— एक वाचक, कागल

उत्तर : भाऊ, उतरवायची घाई करू नका. दोन सीलं गेली म्हणजे दोष सीलात नाही, सील ज्याच्यावर बसतंय त्याच्यात आहे असं मला वाटतंय.

पहिल्यांदा ब्रीदर बघा. मागच्या ॲक्सलच्या हौजिंगवर वरच्या बाजूला छोटी टोपी असते ती. उसाच्या फडातला चिखल तिच्यावर बसून दगडासारखा होतो, मग गगनबावड्याचा घाट लोड घेऊन चढताना आतलं तेल तापतं, हवा फुगते, तिला बाहेर जायला वाट नाही म्हणून ती सीलाच्या ओठातनं तेल ढकलते. चाकाच्या हबची सीलं पण अशीच जातात आणि तेल लायनरवर येतं, मग ब्रेक धरत नाही. काढून डिझेलनं धुवा, फुंकून बघा, पाच मिनिटाचं काम आहे.

आता फ्लँज, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट ज्याला बोल्टनं जोडलेला असतो तो गोल तुकडा. काढल्यावर सील जिथं घासतं तिथं नख फिरवा. नख अडकलं तर खाच पडलीय, तिथं कितीबी भारी सील घाला, गळणारच. कोल्हापूरच्या उद्यमनगरात चांगल्या टर्नरकडं नेऊन खाचेवर पातळ स्लीव्ह (लोखंडी कडं) बसवून घ्या, नाहीतर फ्लँज नवा घ्या. आणि उघडायच्या आधी फ्लँज हातात धरून वर-खाली, मागं-पुढं हलवून बघा. खेळ लागला तर बेअरिंग गेलंय, मग मात्र उतरवावंच लागेल, तुमचा गॅरेजवाला तिथं बरोबर.

काम सुरू करायच्या आधी चारी बाजूनं चाकांना दगड लावा, हे मी कळवळून सांगतोय, कारण प्रॉपेलर सुटला की गिअरमध्ये ठेवलेली गाडी पण धरत नाही, उतारावर असली तर खाली झोपलेल्या माणसावरनं जाते.

सगळ्यात मोठी चूक नटात होते. फ्लँज ज्याच्यावर नटानं आवळलेला असतो तो डिफरन्शियलमधनं येणारा गिअरचा दांडा म्हणजे पिनियन. नट सोडण्याआधी नट, पिनियनचं टोक आणि फ्लँज असं तिन्हीवर पंचनं खूण करा, किती आटे बाहेर आहेत ते मोजून लिहून ठेवा. दोन्ही ॲक्सल शाफ्ट ओढून पिनियन हातानं फिरवा, किती जड फिरतंय ते लक्षात ठेवा, परत बसवल्यावर तेवढंच जड पाहिजे. काही गाड्यांत आत पिनियनच्या बेअरिंगांच्या मधे दाबला जाणारा स्पेसर (नळी) असतो, काहींत घट्ट स्पेसर आणि शिम (पातळ चकत्या). दाबला जाणारा असेल आणि कुणी लांब पाइप लावून नट आवळला तर तो जास्त दबतो, बेअरिंग तापून जातं, आणि नट सैल करून तो स्पेसर काही परत फुलत नाही, नवाच घालावा लागतो. तुमच्यात कुठला आहे ते स्पेअरच्या दुकानात मॉडेल सांगून आधीच विचारा.

सील बसवताना ओठाला ग्रीस लावा, आणि लाकडाचा ठोकळा ठेवून चारी बाजूनं सारखं ठोका. एका बाजूनं हातोडा मारला की मागची बारकी स्प्रिंग निसटते आणि सील पहिल्याच फेरीला गळतं, अर्ध्या तासात उरकलेल्या कामात हेच झालं असेल. आणखी एक, सील कोरडं आणि नटाच्या मधनं तेल दिसत असेल तर ते फ्लँजच्या आतल्या दातऱ्यांतनं येतंय, तिथं आणि वॉशरखाली सीलंट लावा. नट मात्र नवाच.

तेल काढताना आधी भरायचा बोल्ट सुटतोय का बघा, मगच खालचा ड्रेन उघडा. वरचा गंजून अडकला तर तेल नसलेली गाडी दारात उभी राहील. खालच्या बोल्टावर लोखंडाचा बारीक चुरा असला तर चालतंय, पण तुकडे दिसले तर फोन उचलून मेस्त्रीला बोलवा. भरताना गाडी सपाट जागेवर, भोकाच्या काठापर्यंत, जीएल-५ ग्रेडचं गिअर ऑइल, गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेवढ्या जाडीचं. मग सगळं पुसून दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा आणि परत खाली बॅटरी मारून बघा.