गाडी दाराबाहेर जाण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. त्यातला बहुतेक मजकूर त्या जुन्या बुलेटच्या ट्रायलचा आहे. ब्रेक समजून तू उजव्या पायाने गिअर दाबलास, गाडी थांबण्याऐवजी चहाच्या टपरीच्या बाकावर जाऊन आदळली, गॅरेजमधली पोरे हसली, ज्याची गाडी होती तोही हसला, आणि तेव्हापासून आपण या धंद्याच्या लायकीचे नाही असे तुझ्या मनाने घेतले आहे. पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहावे तसे आणखी एक वाक्य आहे. एका दूधवाल्याच्या शंभर सीसीच्या गाडीचे ऑइल बदलताना चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भागाचा, आटा (बोल्ट पकडणारे आतले पेच) गेला, तू ऑइल काढायच्या ड्रेन बोल्टला टेफ्लॉनची टेप गुंडाळून वरून एम-सील लावलेस आणि संध्याकाळी गाडी देऊन टाकलीस, 'पण ते कोणाला कळले नाही'. त्या एका वाक्यासाठी मी हातातले काम बाजूला ठेवून लिहायला बसलो आहे. फोन केला असता तर मी रागावलो असतो आणि तू 'हो काका, हो काका' म्हणून फोन ठेवला असतास. म्हणून हे पत्र तुझ्या भावाच्या हाती देतो आहे, म्हणजे ते आजच तुझ्यापर्यंत पोहोचेल.

आधी बुलेटचे संपवतो, कारण त्यात फारसे काही नाही. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाखाली आणि ब्रेक डाव्या पायाखाली असतो, पहिला गिअर वर उचलून पडतो आणि पुढचे खाली दाबून पडतात. म्हणजे तू घाबरून जितके दाबलेस तितकी गाडी वरच्या गिअरमध्ये गेली, थांबली नाही. बहुतेक जुन्या इंग्लिश मोटारसायकलींचाही गिअर उजवीकडे आणि ब्रेक डावीकडे असे. या अदलाबदलीने जगभर इतक्या जणांचे पाय चुकले की सत्तरच्या दशकाच्या मध्यात अमेरिकेने नव्या मोटारसायकलींना गिअर डावीकडेच असावा असा नियम केला आणि ट्रायम्फ, नॉर्टन यांसारख्या कंपन्यांना त्या बाजारासाठी आपल्या गाड्या बदलाव्या लागल्या. लहानपणापासून डाव्या गिअरची गाडी चालवलेल्या मुलाचा पाय संकटात सवयीच्याच जागी जाणार. अशा गाडीवर बसण्याआधी ती मेन स्टँडवर उभी करून दोन्ही पायांना नव्या जागा शिकवायच्या आणि मगच रस्त्यावर यायचे, एवढाच त्यातला धडा आहे. बाकाचा पाय मोडला असेल तर सुताराकडून बसवून दे आणि तो विषय सोड.

हसण्यासारख्या चुकांना या धंद्यात तोटा नाही. पेट्रोलचा कॉक बंद ठेवून घाम येईपर्यंत किका मारणारे, किल स्विच, म्हणजे इंजिन बंद करणारे बटण, लागलेली गाडी दोन किलोमीटर ढकलत गॅरेजपर्यंत आणणारे, येझदीची किक शोधत बसणारे आणि तोच दांडा पुढे घेतला की गिअर होतो हे कळल्यावर ओशाळणारे, यामाहाच्या उजव्या आरशाचा आटा उलटा असतो हे ठाऊक नसल्याने तो सोडवण्याच्या भरात आणखी आवळून मोडणारे, असे सगळे मी पाहिले आहेत. त्यांतले कित्येक पुढे उत्तम कारागीर झाले. या चुका चारचौघांत होतात, म्हणून त्यांची लाज वाटते. पण त्या तिथल्या तिथे उघड्या पडतात आणि तिथल्या तिथे संपतात. तू लाज मोजतोस ती किती जणांनी पाहिले यावरून, आणि तुझा सगळा गोंधळ इथेच आहे. ज्याला चार जण हसले त्यावर तू पानेच्या पाने लिहिलीस आणि जे कोणीच पाहिले नाही ते एका ओळीत उरकलेस. माझ्या हिशेबात हे बरोबर उलटे हवे होते.

आता त्या ओळीकडे येतो. बोल्ट पोलादाचा असतो आणि चेंबर ॲल्युमिनियमचे, त्यामुळे जोर जास्त झाला की आटा चेंबरचाच जातो. अशा लहान इंजिनाच्या ड्रेन बोल्टला साधारण 25 न्यूटन-मीटर आवळ पुरते, म्हणजे पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे दहा किलोचा भार. तू पान्याला पाइप लावला असणार, हे तू लिहिले नसलेस तरी मला दिसते, आणि तो का लावलास हेही दिसते. बोल्टखालचा जुनाच वायसर, म्हणजे गळती अडवणारी चकती, पुन्हा बसवला, थेंब गळताना दिसला आणि वायसरचे काम जोराने करून घ्यायला गेलास. दबलेला वायसर दुसऱ्यांदा नीट बसत नाही. तो नवीन घ्यायला काही रुपये लागतात आणि ते वाचवण्याच्या नादात चेंबर जाते. मात्र आटा जाणे ही सुद्धा मी मोठी चूक मानत नाही. ॲल्युमिनियमवर हात बसेपर्यंत प्रत्येक शिकाऊ मुलाकडून कधी ना कधी आटा जातोच.

टेप लावून गाडी दिलीस, ती चूक मोठी आहे. टेप फटीत भरते, ती धातूला धरत नाही. एम-सील तेलकट ॲल्युमिनियमवर टिकत नाही, इंजिन तापून थंड होऊ लागले की ते सुटते. त्या बोल्टला आज फक्त सवयीने जागेवर राहिलेले दोन-चार वेढे धरून आहेत आणि त्यांना दिवसभर इंजिनाचा थरथराट सोसायचा आहे. त्या इंजिनात ऑइल असते जेमतेम लिटरभर. बोल्ट पडला की ते मिनिटभरात रस्त्यावर येते, आणि बोल्टची जागा इंजिनाच्या तळाशी असल्याने धार मागच्या चाकाकडे जाते. इंजिन जाम झाले तर मागचे चाकही अडखळते. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लटकवून पहाटेच्या अंधारात, ओल्या रस्त्यावर निघालेला माणूस वळणावर असताना मागचा टायर तेलात भिजला, तर काय होईल हे मी लिहीत नाही. तुला ते कळते, कळत नसते तर ते वाक्य तू लिहिलेच नसतेस.

म्हणून माझे एकच सांगणे आहे आणि ते मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे. चूक झाली की गाडी दाराबाहेर जाण्याआधी मालकाला सांगायची. दुरुस्ती नंतर, पैशांचा हिशेब नंतर, बोलणी खाणे नंतर. गाडी गेली असेल तर मागोमाग जाऊन सांगायची. मिस्त्री कामावरून काढतील ही तुझी भीती मला समजते, परंतु ती इथे मधे आणू नकोस. तुझ्या नोकरीचा प्रश्न तुझ्या अंगावर आहे, त्या बोल्टचा प्रश्न दुसऱ्याच्या अंगावर आहे, आणि ज्याच्या अंगावर आहे त्याला तो ठाऊकच नाही.

डिस्क ब्रेकचे उदाहरण बघ. नवीन पॅड बसवताना कॅलिपरचा, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन आत ढकलावा लागतो, आणि नंतर लिव्हर चार-सहा वेळा दाबून तो परत पॅडला टेकवला नाही, तर पहिल्यांदा दाबलेला ब्रेक थेट हँडलला जाऊन टेकतो आणि गाडी चालतच राहते. हे विसरणे अगदी सोपे आहे, कारण उभ्या गाडीत काहीही बिघडलेले दिसत नाही. एका मुलाने अशी गाडी दिली, गिऱ्हाईक फाटकाबाहेर पडले आणि तेवढ्यात त्याला आठवले. तो मुलगा रस्त्यावर ओरडत धावला. सगळ्या गल्लीने पाहिले आणि हसले. त्या धावण्याबद्दल मला त्या मुलाचा जितका अभिमान वाटला तितका त्याने नंतर बांधलेल्या कुठल्याही इंजिनाचा वाटला नाही. चारचौघांत हसे होण्याची तयारी ठेवणे हा या धंद्याचा भाग आहे. पाना कसा धरायचा हे शिकवता येते, ही तयारी शिकवायला फार जड जाते.

माझ्या भागीदाराबद्दल तू घरात अर्धवट ऐकले असशील. लोक सांगतात की मी हट्टीपणाने चालते गॅरेज मोडले. झाले ते असे. आमच्याकडच्या मुलाने मागचे चाक बसवताना ॲक्सलच्या नटची स्प्लिट पिन घातली नाही. रात्री आवराआवर करताना ती पिन मला ट्रेमध्ये सापडली, आणि ती गाडी गगनबावड्याकडच्या गिऱ्हाइकाची होती, सकाळी घाट उतरून कोकणात जाणार होती. नट घट्ट असेल तर पिनेवाचूनही तो बराच काळ टिकतो, असे माझ्या भागीदाराचे म्हणणे होते आणि ते खोटे नव्हते. पण तो घट्ट आहे की नाही हे आम्हा दोघांपैकी कोणालाही ठाऊक नव्हते. मी पिन खिशात टाकली आणि पावसात तिकडे गेलो. नट ढिला नव्हता. मी पिन घातली, काय राहिले होते ते त्या माणसाला स्पष्ट सांगितले आणि परत आलो. त्या माणसाने ते बाजारात सांगितले, चार जणांनी वाढवून सांगितले आणि पुढच्या हंगामात आमच्या दारातल्या गाड्या कमी झाल्या. भागीदार म्हणाला, जाण्याआधी मला विचारायला हवे होतेस, निदान पिन गुपचूप घालून यायला हवे होतेस. आम्ही वेगळे झालो. पुढे तो गेला आणि आमचे बोलणे राहून गेले.

त्याची आठवण येत नाही असा दिवस नाही. एकाच वर्कशॉपमध्ये एकाच व्हाइसवर आम्ही कानस धरायला शिकलो होतो. पण त्या रात्री मी विचारत बसलो असतो तर त्याने मला थांबवले असते, आणि त्याचा शब्द मोडून जाणे हे न विचारता जाण्यापेक्षा वाईट दिसले असते. गुपचूप पिन घालून आलो असतो तर त्या माणसाला आपल्या गाडीबद्दल जे कळायला हवे ते कळले नसते. त्याने बाकीचे नट दुसरीकडे तपासून घ्यायचे ठरवले असते तर तो त्याचा अधिकार होता. गाडी त्याची, जीव त्याचा. या गोष्टीवर मी त्या वेळी मागे हटलो नाही आणि आजही हटणार नाही, मग गॅरेज मोठे झाले असते की लहान राहिले असते हे कोणी कितीही सांगो. लहानच राहिले आहे आणि मला ते चालते. तुझ्या पत्रातल्या 'कोणाला कळले नाही' या शब्दांवर मी एवढा का चिडलो, ते आता तुझ्या ध्यानात येईल.

आता काय करायचे ते ऐक. पत्र वाचून होताच मिस्त्रींना सांग. ते काय म्हणतात याची वाट न पाहता दूधवाल्याच्या घरी जा. 'तुमच्या गाडीचा आटा माझ्या हातून गेला आहे, मी तो दाबून ठेवला होता, गाडी चालवू नका, मी ती दुरुस्त करून आणतो', एवढेच म्हणायचे. कारणे सांगायची नाहीत, वायसरचे नाव काढायचे नाही. तो चिडला तर ऐकून घ्यायचे. गाडी चालू न करता टेंपोत घालून कोल्हापूरच्या उद्यमनगरात ने. ज्या गावाने शेतकऱ्यांसाठी ऑइल इंजिने घडवली तिथे एक आटा बसवून देणारा लेथवाला मिळायला वेळ लागणार नाही. ओव्हरसाइझ बोल्ट ठोकून देतो असे कोणी म्हणाले तर नको म्हण, पुढच्या वेळी तोच आटा पुन्हा जाईल. भोक मोठे करून, नवा आटा मारून त्यात हेलिकॉइल बसवून घे. ती स्टेनलेस स्टीलच्या तारेची, आट्यासारखी वळवलेली गुंडाळी असते आणि नीट बसली तर मूळ ॲल्युमिनियमच्या आट्यापेक्षा टिकाऊ ठरते. आटा पाडणाऱ्या टॅपला ग्रीस लावायला सांग म्हणजे धातूचा कीस ग्रीसमध्ये धरला जाईल, आणि तरीही शेवटी थोडे ऑइल वरून ओतून खालून वाहू दे, कारण आत राहिलेला कीस ऑइल पंपापर्यंत गेला तर हे सारे व्यर्थ होईल. वायसर नवा, बोल्ट नवा, पहिले वेढे नुसत्या बोटांनी, शेवटची आवळ आखूड रिंग पान्याने. त्यानंतर इंजिन गरम होईपर्यंत चालू ठेवून खाली कोरडा कागद ठेव आणि तो कोरडाच राहतो का ते दूधवाल्याला स्वतः पाहू दे. खर्च तुझ्या पगारातून जाईल. कमी पडला तर मला सांग, मी देईन, पण उसने म्हणून देईन.

गाडी दिवसभर अडकली तरी त्या माणसाचे दूध थांबून चालणार नाही, दूध नासते. त्याला माझी गाडी दे. टाकी भरलेली आहे, मागचे ब्रेक कालच आवळले आहेत आणि कॅरिअर किटल्यांना पुरेसे रुंद आहे. मी दुकानात असलो तरी चावी घरीच असते. काकूकडे माग, मी तिला सांगून ठेवले आहे.

तुझा,
काका