“आता या वयात कशाला?”

इंदूरमधल्या मराठी घरांतून समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या ज्येष्ठांचं एक वाक्य ठरलेलं असतं: “आता या वयात कशाला?” हल्ली ते सर्वांत जास्त ऐकते ते इम्प्लांटवर, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेल्या स्क्रूवर, बसणाऱ्या कवळीबद्दल. इतकं समंजस वाटतं की मुलंही गप्प बसतात. मला मात्र अशा समंजसपणाचा संशय येतो.

सत्तरी ओलांडलेल्या एका काकूंना (ओळख बदलली आहे) लेक घेऊन आली. खालची कवळी बोलता बोलता उचलली जायची. काकू लग्नकार्यांना जाईनाशा झाल्या, घरातही सगळ्यांची जेवणं उरकल्यावर एकट्या जेवायच्या. हिवाळ्यात कुणी सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारातून गराडू (तळलेला कंद) आणले, तर “मला तेलकट नको” म्हणायच्या.

“खर्च फार आहे हो,” हे पहिलं कारण. मुलानं पैशाची सोय केली, तर दुखण्याची भीती पुढे आली. जागा बधिर करून करतात हे कळल्यावर वय निघालं. कारणं एकेक गळत होती, नकार जागच्या जागी. असं झालं की खरं कारण अजून तोंडातून निघालेलंच नसतं, हे माझं जुनं मत.

“डॉक्टरांनी सांगितलं त्यात सगळ्यात नकोसं काय वाटलं?” मी विचारलं.

पदर तोंडाशी गेला. “आठ-दहा दिवस कवळी घालायची नाही म्हणे. सुनेसमोर तशीच बसू?”

यजमानांनीसुद्धा त्यांना बिनकवळीचं पाहिलं नव्हतं. दिवा मालवल्यावर काढायच्या, पहाटे सगळ्यांआधी उठून घालायच्या.

“तुमच्या सासूबाईंना दात होते?”

“छे, बोळकंच होतं. वरणभात कालवून मीच द्यायचे.”

“तेव्हा त्यांच्याकडे बघून काय वाटायचं?”

“काय वाटणार? गार व्हायच्या आत खाऊ देत, एवढंच.”

म्हणाल्या आणि हसल्या. पदर खाली आला होता. मी काहीच बोलले नाही, आणि त्या न बोलण्याचा मला थोडा अभिमान आहे. नवखे समुपदेशक नेमके इथेच भाषण देतात. दुसऱ्याकडे ज्या मायेनं पाहिलं, तीच नजर माणसानं स्वतःकडे वळवली की निम्मं काम झालं, असं मी मानते.

आता थोडं माहितीचं. वरची कवळी टाळूला धरून राहते. खाली तेवढी जागा नसते, जीभ सतत हलते आणि दात गेल्यावर हाड झिजत जातं, म्हणून खालची जास्त त्रास देते. दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवरची कवळी हा पहिला पर्याय असावा, असं 2002 साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी सुचवलं. टायटॅनियमचा स्क्रू हाडात पक्का व्हायला बहुधा काही महिने जातात; मग कवळी टिचबटणासारखी बसते. तरी रात्री काढून घासायचीच, आणि स्क्रूवर बसणाऱ्या आतल्या टोप्या झिजल्या की बदलून घ्यायच्या. नुसतं वय आड येत नाही. बेताल शुगर, तंबाखू, ठिसूळ हाडांवरची काही औषधं येऊ शकतात. ती डॉक्टरांना आधीच सांगा.

मुलांनी “पैशाचं आम्ही बघतो” म्हणून विषय संपवू नये. पैसा हे सांगायला सोपं कारण असतं. मधल्या दिवसांत तोंडात काय असणार, जुनीच कवळी आतून मऊ अस्तर लावून लवकर वापरता येईल का, हे पहिल्याच भेटीत विचारा. काकूंच्या डॉक्टरांनी तसं करून दिलं. पण तोवर काकूंना तिची फारशी घाई उरली नव्हती.