अमेरिकेत गरिबाकडेही मोटार असते, मग तो गरीब कसा?

ज्या देशात गरिबाच्या दारातही मोटार आणि स्वयंपाकघरात फ्रीज असतो, तिथल्या गरिबीला गरिबी म्हणायचे तरी कसे, असे आपण विचारले आहे. मी बरीच वर्षे टेक्सासमध्ये राहतो आणि भारतातून आलेल्या पाहुण्यांच्या तोंडून हा प्रश्न नेहमी ऐकतो, म्हणून मोटारीपासूनच सुरुवात करतो.

डॅलसजवळचे आर्लिंग्टन हे सुमारे चार लाख वस्तीचे शहर आहे, पण ठरलेल्या मार्गावर धावणारी शहर बससेवा तिथे नाही. अशा ठिकाणी गोदामात किंवा हॉटेलात पहाटेच्या पाळीला पोहोचायचे तर जुनी का होईना, गाडी लागतेच. तिचा हप्ता, विमा, पेट्रोल आणि दुरुस्ती हा सारा नोकरी टिकवण्याचा खर्च असतो आणि गिअरबॉक्स बिघडला की नोकरीवरच गदा येते.

आता मिळकतीकडे पाहू. केंद्रीय किमान वेतन २००९ पासून ताशी ७.२५ डॉलरवर थांबलेले आहे. कॅलिफोर्नियाने स्वतःचा दर २०२४ मध्ये १६ डॉलरवर नेला, टेक्सास मात्र केंद्राच्याच दरावर आहे. या दराने वर्षभर आठवड्याला चाळीस तास राबले तर हाती १५,०८० डॉलर येतात, आणि २०२३ मध्ये एकट्या माणसाची अधिकृत दारिद्र्यरेषा त्याहून थोडी वरच होती. प्रत्यक्षात इतक्या कमी दराने काम करणारे आता थोडेच उरले आहेत, हेही सांगायला हवे. टिपवर जगणाऱ्या वेटरांसाठी मात्र मालकाने द्यायचा केंद्रीय मूळ दर १९९१ पासून २.१३ डॉलर आहे. टिप धरूनही ७.२५ भरले नाहीत, तर फरक मालकाने द्यावा असा नियम आहे.

ही दारिद्र्यरेषा मॉली ऑर्शान्स्की या सरकारी अर्थतज्ज्ञ बाईंनी १९६० च्या दशकात आखली. काटकसरीच्या आहाराचा खर्च गुणिले तीन, असा तिचा ढोबळ हिशेब होता आणि पुढे तिच्यात फक्त महागाईची भर पडत गेली. तेव्हापासून घरभाडे, दवाखाना आणि पाळणाघर यांचा खर्च अन्नापेक्षा कितीतरी वेगाने वाढल्यामुळे रेषेच्या जरा वर असलेले कुटुंबही महिनाअखेरीस मेटाकुटीला येते.

सरकारी मदत मिळते, पण अटींसह. अन्नासाठीच्या सरकारी कार्डावर किराणा घेता येतो, साबण किंवा डायपर घेता येत नाहीत. त्याच दुकानातली थंड कोंबडी साधारणपणे चालते, भाजून गरम ठेवलेली चालत नाही. गल्ल्यावर एखादी बाई अशी गरम कोंबडी मुकाट्याने बाजूला ठेवताना दिसली की नियम करणाऱ्यांना चूल नसलेल्या मोटेलच्या खोलीत राहणारी माणसे ठाऊकच नसावीत असे वाटते. आरोग्याचे तर त्याहून विचित्र आहे. मूलबाळ नसलेल्या, धडधाकट पण रेषेखालच्या प्रौढाला टेक्सासमध्ये मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, मिळत नाही, आणि खासगी विम्याच्या हप्त्यावरची केंद्रीय सवलत सहसा रेषेच्या वर असलेल्यांनाच मिळते.

माझ्या मते आपल्या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर २०२१ सालाने दिले. त्या वर्षी मुलांसाठीची करसवलत वाढवून सहा वर्षांखालील मुलामागे ३,६०० आणि मोठ्या मुलामागे ३,००० डॉलरपर्यंत नेली, आणि जुलैपासून तिचा काही भाग दरमहा थेट पालकांच्या खात्यात जमा केला. करोनाकाळातली इतर मदतही त्याच सुमारास मिळाली होती. सरकारी मदत आणि आवश्यक खर्च हिशेबात घेणाऱ्या पूरक मापनानुसार बालदारिद्र्य त्या वर्षी ५.२ टक्क्यांवर उतरले. वाढीव सवलतीला काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, मुदतवाढ दिली नाही, आणि २०२२ मध्ये तेच प्रमाण १२.४ टक्के झाले. एका वर्षात ना आईबाप आळशी झाले, ना कारखाने बंद पडले.

विषमतेबाबत थोडक्यात सांगायचे तर देशातील खासगी संपत्तीपैकी सुमारे ३० टक्के वरच्या एक टक्का कुटुंबांकडे आहे आणि खालच्या निम्म्या कुटुंबांकडे मिळून जेमतेम अडीच टक्के. कामगार संघटनांचे सभासद १९८३ मध्ये नोकरदारांच्या सुमारे २० टक्के होते, ते आता दहाच्या आसपास आहेत, आणि पगारासाठी मालकाशी घासाघीस करण्याची ताकद त्याच प्रमाणात घटली आहे.